पावत्यांची वही

अंबाजोगाईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवते. आमच्याकडं कॉलेजचा प्रवेश म्हणजे मार्क. लातूर तासाभराच्या अंतरावर, त्यामुळं लातूर पॅटर्नचं वारं आमच्या वर्गांतही वाहतं. शाहू आणि दयानंद या कॉलेजांनी घालून दिलेल्या वाटेनं कोरडवाहू घरांतली कितीतरी लेकरं डॉक्टर झाली, इंजिनियर झाली. मला त्या पद्धतीबद्दल मनापासून आदर आहे. नीटला ७२० पैकी किती पडले, सीईटीला पर्सेंटाइल किती, एवढंच विचारलं जातं. पोरगं कुणाचं, कुठल्या तांड्यावरचं, याची चौकशी होत नाही. आमच्यासारख्या भागाला हा फार मोठा आधार आहे.

म्हणून मार्कांच्या पलीकडचं विचारणारा अर्ज माझ्या एका विद्यार्थिनीनं समोर ठेवला, तेव्हा मला आधी काळजीच वाटली. मार्क सोडून आणखी काय, असं विचारलं की पुण्या-मुंबईची पोरं पुढं जाणार. त्यांच्याकडं वादविवाद स्पर्धा असतात, रोबोटिक्सचे क्लास असतात, सुट्टीत परदेशातली शिबिरं असतात. आमच्या पोरींनी तिथं काय दाखवायचं?

तो अर्ज पुरा करता करता या प्रश्नाचं मला जे उत्तर मिळालं, ते इथं लिहिते आहे. तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला यात नेमकं काय काय करावं लागतं, तेही सांगते.

मुलगी धारूर तालुक्यातली, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावची. आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरतात, कधी सांगली-कोल्हापूरकडं तर कधी कर्नाटकात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर माघारी येतात. त्या पाच-सहा महिन्यांत घरी आजी, ही आणि धाकटा भाऊ. दहावीनंतर अंबाजोगाईला हॉस्टेलवर आली, तरी शनिवारी दुपारी गावची एसटी चुकवायची नाही. पुण्यातल्या काही कॉलेजच्या मुलांनी चालवलेल्या ऑनलाइन शिबिरात तिला कळलं की अमेरिकेतली काही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांनाही घरची ऐपत बघून पूर्ण खर्च देतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट अशा मोजक्या ठिकाणी तर प्रवेश ठरवताना पैशाची गरज विचारातच घेत नाहीत. बाकीच्या बहुतेक ठिकाणी घेतात. म्हणजे जास्त मदत मागणाऱ्या परदेशी मुलाला तिथं प्रवेश आणखी अवघड. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मीही ते कधी झाकून ठेवलं नाही. त्यामुळं बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचा अर्जही सोबत भरायचा, बोर्डाचा अभ्यास सोडायचा नाही आणि सीईटीही द्यायची, असं आम्ही ठरवलं.

अमेरिकेतली शेकडो कॉलेजं 'कॉमन अॅप' नावाचा एकच ऑनलाइन अर्ज घेतात. १ ऑगस्टला तो खुला होतो, आणि नेहमीच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. नववी ते बारावीचे मार्क त्यात लागतातच. त्याखेरीज अभ्यासाबाहेरच्या कामांची यादी, जास्तीत जास्त दहा. बक्षिसं आणि सन्मान, पाच. ६५० शब्दांपर्यंतचा निबंध. शिक्षकांची शिफारसपत्रं. कॉलेजच्या समुपदेशकाचा अहवाल. शिवाय काही कॉलेजं आपापले छोटे निबंध वेगळे मागतात.

कामांची यादी हा सगळ्यात फसवा भाग. प्रत्येक कामाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. शब्द नव्हेत, अक्षरं, आणि मधली मोकळी जागाही त्यातच मोजतात. सोबत ते काम नववीपासून कुठल्या कुठल्या वर्षी केलं, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, हेही भरायचं.

तिनं पहिली यादी केली ती शाळेतल्या प्रमाणपत्रांच्या फायलीवरून. तालुकास्तरीय निबंध स्पर्धेत दुसरा क्रमांक. वृक्षारोपणात सहभाग. स्वच्छता अभियानात सहभाग. मतदार जागृती फेरी. रांगोळी स्पर्धा. शिवजयंतीला भाषण. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं सूत्रसंचालन. पुढं तास भरायला गेली, तर वृक्षारोपणाचे वर्षाला दोन तास, फेरीचा एक तास. दहा रकाने भरले, पण ती मुलगी त्या यादीत कुठं दिसेना. ती यादी आमच्या वर्गातल्या कुणाच्याही नावावर चालली असती.

याच सुमारास एका मोठ्या शहरातल्या सल्लागाराचा तिच्या मोबाइलवर फोन आला. शिबिरातला नंबर त्याच्याकडं कसा गेला कुणास ठाऊक. 'प्रोफाइल' तयार करून देतो म्हणाला. ऑनलाइन इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, नावावर एक शोधनिबंध, एका सेवाभावी संस्थेचं 'संस्थापक' पद. दर ठरलेले. बारावीच्या पोरीला फोनवर असं विकणाऱ्या माणसांचा मला अतिशय राग येतो. ज्या घरात उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटली की नाही यावर वर्षाचं गणित ठरतं, त्या घरातून वीस-तीस हजार काढायचे आणि बदल्यात खोटं पद द्यायचं. अशी विकत घेतलेली कामं अर्ज वाचणाऱ्यांनी खूप पाहिलेली असतात. आणि समजा एखाद्या वेळी ती खपलीच, तर त्या मुलाच्या शिक्षणाची सुरुवातच खोट्यानं झाली.

एका शनिवारी जादा तासाला थांब म्हटलं, तर ती अवघडली. "मॅडम, आज नाही जमायचं. टोळीचा हिशेब लावायचाय."

"कुठल्या टोळीचा?"

"पप्पांच्या. खेपा चढवायच्यात. ह्या आठवड्याच्या राहिल्यात."

पुढच्या सोमवारी ती वही घेऊन आली. दोनशे पानी साधी वही, वर्तमानपत्राचं कव्हर, कोपरे मुडपलेले. आत पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, ट्रॅक्टर, टन, हजर कोयते, खाडा, पावती. ज्यांना ऊसतोड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळीत असे आठ-दहा कोयते. ऊस तोडून, मोळ्या बांधून ट्रॅक्टर भरला की तो कारखान्याच्या काट्यावर जातो आणि वजनाची पावती मिळते. हंगामाच्या आधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी कामाला लावणाऱ्या माणसाकडून, उचल घेतलेली असते, ती या टनांतून फिटते. एखादी जोडी आजारपणानं कामावर गेली नाही, तर तो खाडा. त्या दिवसाच्या खेपेचे टन फक्त हजर कोयत्यांत वाटले जातात. म्हणजे भागाकार रोजचा, पण भाजक रोज वेगळा.

नववीत असताना वडिलांनी तिला हे काम लावलं. ते स्वतः चौथी शिकलेले. रात्री कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, परतल्यावर जिथं रेंज मिळेल तिथून ते पावतीचा फोटो पाठवायचे आणि ही वहीत उतरवायची. दुसऱ्या हंगामापासून सगळी टोळीच तिच्या वहीवर चालायला लागली. दर पंधरवड्याला ती प्रत्येक जोडीची बेरीज आवाजी मेसेज करून पाठवायची, कारण बहुतेकांना लिहिलेलं वाचता येत नाही. प्रत्येक जोडीसाठी वेगळा मेसेज: काकी, तुमचे एवढे टन झाले, एवढे खाडे, उचलीतले एवढे फिटले.

वही चाळताना एका ओळीवर मी थांबले. टनाच्या रकान्यात १७, आणि पुढं बारीक प्रश्नचिन्ह. हे काय, म्हणून विचारलं. पावती घामानं भिजली होती, फोटोत आकडा १७ की १९ ते कळत नव्हतं. वडिलांना फोन केला तर ड्रायव्हर निघून गेलेला. मग तिनं १७ लिहिलं.

"१९ असतील तर तुमच्या टोळीचं दोन टनांचं नुकसान नाही का?"

"हो मॅडम. पण आपल्या वहीत आपल्या बाजूचा एक जरी आकडा कच्चा निघाला, तर मग सगळी वहीच खोटी म्हणतेत."

त्या हंगामाच्या शेवटी हिशेबाला बसले, तेव्हा मुकादमाच्या वहीत काही खेपा चढलेल्याच नव्हत्या. वडिलांनी हिची वही पुढं केली, फोनमधले फोटो दाखवले. मुकादम एकेक ओळ ताडून बघत गेला. त्या १७ च्या ओळीवर त्याच्याकडं १९ होते. पोरीनं स्वतःहून कमी धरलंय हे त्यानं पाहिलं, आणि त्यानंतर राहिलेल्या खेपांवर फार वाद झाला नाही. त्या चढल्या.

मी तिला विचारलं, हे अर्जात का नाही लिहिलंस?

"मॅडम, हे काय सांगायचं? हे तर घरचं काम आहे. आमच्याकडं सगळ्याच पोरी काही ना काही करतेत."

इथं माझी सगळी काळजी फिरली. कॉमन अॅपच्या कामांच्या प्रकारांत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हा स्वतंत्र प्रकार आहे. पगारी कामाचाही आहे. धाकट्या भावंडांना सांभाळणं, म्हाताऱ्यांचं औषधपाणी, शेतातलं काम, दुकानावर बसणं हे सगळं तिथं अधिकृतपणे बसतं. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या 'मेकिंग केअरिंग कॉमन' या प्रकल्पानं जानेवारी २०१६ मध्ये एक अहवाल काढला आणि अमेरिकेतल्या बऱ्याच प्रवेश अधिकाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला. कामांची लांबलचक यादी नको, थोडीच पण मनापासून केलेली कामं बघा, आणि घर सांभाळणाऱ्या, घरासाठी कमावणाऱ्या मुलांचं योगदान मोजा, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. म्हणजे मागणारे हे मागत होते आणि आमची लेकरं ते रोज करत होती. मधे एवढंच आडवं येत होतं की आमच्याकडं कुणी त्याला किंमतच दिलेली नव्हती. शाळेनं नाही, आम्ही शिक्षकांनी नाही, त्यामुळं पोरांनीही नाही.

यादी नव्यानं केली. पहिल्या क्रमांकावर टोळीचा हिशेब. तासांचा अंदाज आम्ही वहीवरूनच काढला. हंगामात आठवड्याला सहा तास, वर्षाला बावीस आठवडे. तिनं सुरुवातीला आठ म्हटलं होतं, मग स्वतःच म्हणाली की पावत्या कमी येतात त्या आठवड्यांचं धरलं तर सहाच पडतात. दुसऱ्या क्रमांकावर आजी आणि भाऊ: स्वयंपाक, पाणी, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, भावाचा अभ्यास. तिसरं, आईच्या बचत गटाच्या बैठकीचं लिखाण. चौथं, सुट्टीत सोयाबीन काढणी आणि तूर खुडणी, तेही रोजानं, म्हणून पगारी काम. मुक्तिसंग्राम दिनाचं सूत्रसंचालन ठेवलं, कारण ते ती आवडीनं तीन वर्षं करत होती. बाकीची प्रमाणपत्रं काढून टाकली. यादीत पाचच कामं उरली, दहा नाहीत. पाचच का, असं शिबिरातल्या एका मुलानं काळजीनं विचारलं. मला पाच पुरेशी वाटली आणि आजही वाटतात.

वर्णनं लिहिताना आम्ही विशेषणं गाळली. 'अत्यंत जबाबदारीनं सांभाळते' असं लिहिण्यात निम्मी अक्षरं जातात आणि वाचणाऱ्याला कळत काहीच नाही. त्याऐवजी असं झालं: 'दहा जोडप्यांच्या ऊसतोड टोळीचे रोजचे टन, खाडे, उचल यांची नोंद, न वाचणाऱ्यांना आवाजी हिशेब, गाळलेल्या खेपा पुराव्यानिशी मिळवल्या.' इंग्रजीत ते १५० अक्षरांत बसवताना पुन्हा पुन्हा कातरावं लागलं, पण त्या कातरण्यानंच ते धारदार झालं.

मग निबंध. इथं ती अडली, आणि तिचं अडणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ती म्हणाली, "मॅडम, आपल्या घरचे हाल परक्या माणसांना कशाला सांगायचे? पप्पांना कळलं तर वाईट वाटंल."

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. मराठवाड्याचं नाव निघालं की लोकांना दुष्काळ आठवतो, २०१६ साली मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे आठवते, किल्लारी आठवते. ते सगळं खरं आहे. पण त्यातून आमच्या मुलांना एक सवय लागते की बाहेरच्या माणसापुढं उभं राहायचं तर हाल सांगूनच. भाषण स्पर्धांतही हेच चालतं. जितकं रडवाल तितका वरचा नंबर. ती पोर हे करायला तयार नव्हती आणि तिचं बरोबर होतं.

शेवटी मी तिला एवढंच म्हटलं की घरचे हाल लिहू नकोस, तू काय ठरवलंस ते लिही. अडचण किती मोठी होती, यापेक्षा त्या अडचणीत तुझं डोकं कसं चाललं हे त्यांना बघायचंय. तर तिनं ६५० शब्द त्या १७ आणि १९ वर लिहिले. सुरुवात भिजलेल्या पावतीपासून. मग माहीत नसलेला आकडा कुठल्या बाजूला धरायचा हा प्रश्न. मग हे, की वहीवर विश्वास बसायचा असेल तर न कळलेलं 'कळलं नाही' असंच नोंदवावं लागतं. शेवटी तिला अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र का शिकायचंय: ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या कामाचे आकडे कोण ठेवतं आणि कसे ठेवतं, हे तिला समजून घ्यायचंय. आई-वडिलांचे कष्ट त्यात दोनच ओळींत आले. त्या दोन ओळी तिनं वडिलांना फोनवर मराठीत वाचून दाखवल्या आणि मगच ठेवल्या.

पहिला खर्डा मराठीत, मग इंग्रजी, हा आमचा नियम होता. आमचे इंग्रजीचे सर व्याकरण बघायला तयार झाले. त्यांनी मोठ्या प्रेमानं चार वजनदार शब्द सुचवले आणि तिनं ते नम्रपणे परत केले. बरं झालं. सतरा वर्षांच्या मुलीचा निबंध सतरा वर्षांच्या मुलीनं लिहिलेला वाटला पाहिजे. व्याकरण दुरुस्त करणं मदतीत मोडतं, वाक्य बदलून देणं मोडत नाही.

आता शिफारसपत्र. आपल्याकडं असा कागद म्हणजे बोनाफाइडसारखा: 'सदर विद्यार्थिनी आमच्या महाविद्यालयात शिकत असून तिची वर्तणूक चांगली आहे.' तिथं याचा काही उपयोग नाही. तिथं शिक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगावं लागतं. मी संभाव्यतेच्या तासाचा एक प्रसंग लिहिला. फळ्यावर मी सोडवलेल्या उदाहरणात एक गोष्ट गृहीत धरली होती. तास संपल्यावर ती जवळ आली आणि ते गृहीतक धरायचा आपल्याला अधिकार आहे का, असं तिनं विचारलं. त्यापुढं वहीतली ती ओळ, प्रश्नचिन्हासकट. पत्र दीड पानाचं झालं.

पत्रासोबत एक तक्ता भरायचा असतो. बौद्धिक आवाका, लेखन, वर्गातली चर्चा, शिस्त, परिपक्वता, सचोटी, अपयशाला तोंड देणं, इतरांची काळजी अशा गुणांपुढं 'सरासरीपेक्षा कमी' पासून ते 'आजवर भेटलेल्या मोजक्यांपैकी, वरच्या एक टक्क्यात' इथपर्यंत रकाने. आपल्या पोरीसाठी सगळीकडं शेवटचा रकाना भरावा असं मन म्हणतं. मी सचोटीला आणि इतरांच्या काळजीला तो भरला. वर्गातल्या चर्चेला 'चांगली' इतकंच दिलं, कारण ती वर्गात बोलत नाही, तास संपल्यावर बोलते. हे मी पत्रातही लिहिलं. जिनं न दिसलेला आकडा कमी धरला, तिच्यासाठी मी आकडे फुगवायचे हे मला जमणारं नव्हतं.

हे पत्र मी तिला दाखवलं नाही. विद्यार्थी आपलं पत्र बघण्याचा हक्क अर्जातच सोडू शकतो. तसं केलं की पत्रावर वाचणाऱ्यांचा भरवसा जास्त बसतो. तिनं तो सोडला. शिक्षकाला पत्र थेट त्या पोर्टलवर चढवायचं असतं, शक्यतो संस्थेच्या ईमेलवरून. आमच्याकडं असा ईमेल कार्यालयाचा एकच, आणि त्याचा पासवर्ड एका क्लार्ककडं. माझ्या नावाचा वेगळा ईमेल सुरू करून घ्यायला बरेच दिवस गेले. त्यामुळं हे काम जून-जुलैतच उरकून घ्या.

समुपदेशक आमच्याकडं नाही, कुठल्याच तालुक्याच्या कॉलेजात सहसा नसतो. ती भूमिका प्राचार्य करू शकतात. आमच्या प्राचार्यांनी ती मनापासून केली. त्यांना संस्थेची ओळख सांगणारं दोन पानी टिपण जोडायचं होतं आणि ते आम्ही दोघांनी मिळून लिहिलं: शिक्षण मंडळ कुठलं, बारावीचे गुण कसे दिले जातात, ६०० पैकी ८० टक्के आमच्याकडं किती कठीण, कुठले विषय शिकवतो, कुठले शिकवतच नाही, किती मुलं गावाहून एसटीनं येतात, ऊसतोडीच्या हंगामात वर्गात काय बदल होतो. हे टिपण फार मोलाचं आहे, कारण अर्ज वाचणारा माणूस पोरीला तिच्या परिसरात ठेवून बघतो, आणि तो परिसर त्याला दुसरं कुणी सांगत नाही.

कागदपत्रांचं मी थोडक्यात सांगते. नववी-दहावीचे मार्क जुन्या शाळेतून, तर अकरावी-बारावीचे आमच्याकडून, दोन्हीकडचे सही-शिक्क्यानिशी इंग्रजीत. मार्कमेमोवर आडनाव आधी, आधारवर नंतर, पासपोर्टवर तिसऱ्याच पद्धतीनं, हे सुरुवातीलाच जुळवून घ्यावं. काही कॉलेजं अर्जाची फी परिस्थिती सांगितली तर माफ करतात. लेखी विचारावं लागतं. आर्थिक मदतीच्या अर्जात आई-वडिलांचं उत्पन्न तपशिलानं मागतात. तिच्या वडिलांचा सांगलीकडून फोन आला, "मॅडम, पोरगी म्हणती पगाराचा कागद लागतोय. आमच्याकडं कुठला पगाराचा कागद?" तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, त्याचं भाषांतर, आणि उचल कशी चालते हे समजावणारं प्राचार्यांचं पत्र, एवढं आम्ही दिलं. त्या पत्राला पुरावा म्हणून पुन्हा वहीचीच दोन पानं जोडली.

सगळी धांदल डिसेंबरात, बारावीची पूर्वपरीक्षा आणि प्रात्यक्षिकं तोंडावर असताना. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. ज्यांना या वाटेनं जायचंय त्यांनी निबंध आणि यादी दिवाळीच्या आत संपवावी. हे मी आता प्रत्येकाला कळकळीनं सांगते.

एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यानं तिची व्हिडिओवर मुलाखत घेतली. हॉस्टेलवर रेंज नाही म्हणून ती माझ्या घरी बसली, मी शेजारच्या खोलीत. त्यानं विचारलं, मोकळ्या वेळेत गंमत म्हणून काय करतेस? जरा शांतता. मग ती म्हणाली, मी आणि माझा भाऊ रस्त्याकडेला बसून गाड्यांच्या नंबरांवरून जिल्हे ओळखतो. एमएच २३ बीड, २४ लातूर, ४४ आमचं अंबाजोगाई, २२ परभणी. दिवाळीनंतर कुठल्या जिल्ह्यांचे ट्रॅक्टर जास्त दिसतात ते मोजतो. तो माणूस पुढची वीस मिनिटं त्यावरच बोलत राहिला. तिनं काही पाठ केलं असतं तर हे कधीच निघालं नसतं.

मार्चअखेर निकाल आले. अमेरिकेतल्या कॉलेजांपैकी बहुतेकांनी नकार कळवला. एकानं प्रतीक्षा यादीत ठेवलं आणि पुढं काही झालं नाही. नकारांच्या त्या आठवड्यात ती शांत होती, पण जेवत नव्हती, असं तिच्या खोलीतल्या मुलीनं मला सांगितलं. पूर्ण मदत मागणाऱ्या परदेशी मुलांसाठी जागा किती थोड्या असतात हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. माहीत असलं तरी दुखायचं ते दुखतंच.

बंगळूरला लेखी परीक्षेनंतर मुलाखत झाली. तिथं घरच्या ऐपतीप्रमाणं शिष्यवृत्ती मिळते. मुलाखत घेणाऱ्यांनी तिच्या अर्जातल्या वहीबद्दल विचारलं, मग वहीच मागितली. ती सोबत होती. खाडा असलेल्या दिवसाचे टन वाटताना अर्धा दिवस आलेल्या जोडीचं काय करायचं, या प्रश्नावर त्यांच्यात आणि तिच्यात चर्चा रंगली. टोळीनं त्याचं उत्तर कधीच ठरवलं नव्हतं. तिनं तिथंच दोन पद्धती मांडल्या आणि कुठल्या पद्धतीत कुणावर अन्याय होतो ते सांगितलं. अर्थशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळाला. फी आणि राहण्याचा खर्च शिष्यवृत्तीत बसला. आता टोळीची वही धाकटा भाऊ लिहितो, आणि महिन्यातून एकदा ती फोनवर तपासते.

आमच्या कॉलेजात यंदापासून अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुलाला आम्ही एक वही दिली आहे. शाळेबाहेर काय करता, आठवड्याला किती तास, कुणासाठी, हे महिन्यातून एकदा लिहायचं. ती वही तपासली जात नाही आणि तिला मार्क नाहीत. पहिल्याच महिन्यात कळलं की एक मुलगा रात्री वडिलांच्या रसवंतीवर बसतो, एक मुलगी शेजारच्या वस्तीवरच्या सगळ्या बायकांचे निराधार योजनेचे अर्ज भरून देते आणि दुसरी एक जण आंधळ्या आजोबांना रोज पेपर वाचून दाखवते. वर्षभर समोर बसणाऱ्या या मुलांबद्दल वर्गशिक्षकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. संस्थेचं ते दोन पानी टिपण आम्ही दर जूनला नव्यानं करतो. शेजारच्या तालुक्यांतल्या दोन कॉलेजांनी ते नमुना म्हणून नेलं. आणखी कुणाला हवं असेल तर आमच्या कार्यालयात यावं. इथली तरुण शिक्षक मंडळी ते समजावून सांगायला तयार आहेत आणि प्राचार्यांची त्याला परवानगी आहे. यंदा दोन मुलांचे अर्ज सुरू आहेत. त्यातल्या एकाची शिफारस मला लिहायची आहे, आणि त्यासाठी पुढच्या आठवड्यात मी त्याच्या रसवंतीवर जाऊन बसणार आहे.